थकलेलं

ग्रंथालयातला संगणक एक तास मिळतो.
कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतं, एकोणसाठ, अठ्ठावन्न.
शेजारी एक पोरगा पत्त्यांचा डाव मांडून बसलाय
आणि हरतोय, निवांत.

पहिलं पान सोपं.
मार्विना टिल्मन. ईरी, पेन्सिल्व्हेनिया. वरचा मजला.
घरात माणसं किती?
मी, कॉर्डेल,
आणि भाऊ ल्यूशस, आठवड्यातले चार दिवस, सोफ्यावर.
चार दिवसांच्या माणसाला रकाना नाही.
मी दोन लिहिते. खोडते. तीन.

किती महिन्यांचं भाडं थकलं आहे?
नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी
आणि हा चालू, जो दारात उभा आहे
बुटावरचा बर्फ न झटकता.
भाडं थकतं कसं, मला विचारा.
आधी ते जिना हळू चढतं.
मग मधेच बसतं, म्हणतं, तू हो पुढे.

आपल्या अडचणीचं वर्णन करा. मर्यादा अडीचशे अक्षरं.
मी झाकणं तपासते, बाटल्यांची, इथून सुरुवात केली.
झाकणं गेली.
मग कॉर्डेलची दाढ गेली, सुजलेली,
मग गाडीचा क्लच,
मग ल्यूशसला उसने दिलेले साठ डॉलर
(ते तसेही गेलेलेच होते).
शेवटी उरलं एवढंच:
पाळ्या निम्म्या झाल्या. भाडं निम्मं झालं नाही.
खाली आकडा आला, दोनशेच्या वर अक्षरं शिल्लक.
आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खात्यात
काहीतरी शिल्लक.

मग लाल ओळ:
घरमालकाचा भाग भरल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही.
घरमालकाचा ईमेल?

मिस्टर वोयचिक खालीच राहतात. वय एक्क्याऐंशी.
घरात कोट घालून बसतात, गॅस वाचवायला.
चार महिने मी जिना कडेकडेने चढतेय,
तिसरी पायरी मधोमध करकरते म्हणून.
त्या संध्याकाळी दार वाजवलं.
मला बघून त्यांनी चष्मा शोधला,
त्यांना वाटलं, मोजायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी दोघं एका खुर्चीला दोन खुर्च्या जोडून.
ईमेल उघडायचा तर पासवर्ड हवा.
ते कानाशी वाकून म्हणाले, हॅलिना.
पडदा म्हणाला, कमकुवत.
"कमकुवत?" सगळं ग्रंथालय वळून बघू लागलं.
"तिने एकटीने फ्रीज चढवला होता वर. तुझाच फ्रीज!"
मी पुढे लग्नाचं साल घातलं
आणि एक उद्गारचिन्ह.
तेव्हा कुठे हॅलिना पुरेशी भक्कम झाली.

भाडेकरूवर घर रिकामं करण्याची कारवाई सुरू केली आहे का?
बोट माउसवर थांबलं.
त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं,
माझं नाव, डिसेंबरची तारीख, तिकीट चिकटवलेलं.
टपालाचा शिक्का नव्हता.
"पेटी कोपऱ्यावरच आहे," ते म्हणाले,
"पण निसरडं फार होतं."
नाही, या गोलात त्यांनी टिचकी मारली.
पाकीट फाडलं नाही.
होतं तिथे परत ठेवलं, वर बटण लावलं.
मीही काही म्हटलं नाही.
छताची गळती त्यांच्याही खिशातून जाते, हे मला ठाऊक आहे.

अर्ज क्रमांक आला, अकरा आकडी.
त्यापुढे एक शब्द: विचाराधीन.
"म्हणजे कधी?"
"म्हणजे विचाराधीन."
तीन मिनिटं उरली होती घड्याळात.
त्यांनी विचारलं, यावर पत्ते असतात म्हणे?
लाल राणी काळ्या राजावर ठेवेपर्यंत पडदा विझला.

आज रात्रपाळी करून आले.
तिसऱ्या पायरीवर मधोमध पाय ठेवला.
ती बोलली, जे काय बोलायचं ते.
खालून खोकला आला,
आणि थोड्या वेळाने, पुन्हा एकदा, मुद्दाम.